शहरांतील शेळी : जागा, चारा, आरोग्य व शेजारधर्म

शेळी ही गरिबाची गाय होय, ही म्हण आपल्याकडे सर्वतोमुखीं आहे. खेड्यांत या गरिबाच्या गायीचें पालन बरेंचसें आपोआप होतें. गावकुसाबाहेर गायरान असतें, बांधावर बोरी-बाभळी असतात, राखणीस घरांतील एखादें पोर पुरतें, आणि लेंड्या ज्या शेतांत पडतील त्या शेताचें भलेंच होतें. शहरांत यांपैकीं कांहींच नसतें. तरीहि पुण्याच्या जुन्या पेठांपासून डोंगरउतारावरील वस्त्यांपर्यंत आणि सोलापूर, मालेगांव यांसारख्या गांवांच्या दाट मोहल्ल्यांतून शेळ्या पाळल्या जात आहेत. कोणी घरच्या मुलांच्या दुधाकरितां, तर कोणी वर्षाकांठीं चार करडें विकून शाळेचा व दवाखान्याचा खर्च भागावा म्हणून त्या पाळतो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे भाऊबंद उदरनिर्वाहासाठीं शहरीं गेले असून, गावाकडील सवयीप्रमाणें त्यांनीं दाराशीं शेळी बांधली आहे. त्यांच्या उपयोगाच्या कांहीं गोष्टी येथें क्रमवार सांगण्याचा आमचा विचार आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खेड्यांतील शेळी गायरानावर जगते. शहरांतील शेळी शेजाऱ्याच्या सहनशीलतेवर जगते. एका घरची घाण आणि मोकाट हिंडणें यांमुळें तक्रार होते, तक्रारीवरून पथक येतें, आणि मग ज्या विधवेनें आपल्या दोन शेळ्या वर्षानुवर्षें स्वच्छ ठेविल्या तिच्या दारींहि तेंच पथक उभें राहतें. कारवाई करतांना चांगला पाळणारा व वाईट पाळणारा अशी निवड होत नाहीं. म्हणून शहरांत शेळी नीट पाळणें ही ज्याची त्याची खासगी बाब नसून, त्या वस्तींतील सर्व पाळणाऱ्यांच्या पोटापाण्याचा तो प्रश्न आहे.

किती शेळ्या पाळाव्या ?

शेळी कळपानें राहणारा प्राणी आहे. एकटी बांधलेली शेळी दिवसरात्र ओरडते, खाण्यावर तिचें मन राहत नाहीं, आणि शेजाऱ्याची पहिली तक्रार या ओरडण्यापासूनच सुरू होते. म्हणून एक शेळी ठेवूं नये, दोन ठेवाव्या. परंतु दोहोंच्या दहा होण्यास वेळ लागत नाहीं, याचा हिशेब आधींच करावा. शेळीचा गाभणकाळ सुमारें १५० दिवसांचा असतो. चांगल्या निगेंत ती दोन वर्षांत तीन वेळां विते, व आपल्याकडील जातींत जुळीं होणें नेहमींचें आहे. दोन शेळ्या, तीन वेतें, दर वेतास दोन करडें, असें धरल्यास दोन वर्षांत १२ करडें होतात. कांहीं एकेकटीं होतील, कांहीं दगावतील, असें मानलें तरी ज्या खोपटांत दोन शेळ्या सुखानें राहत होत्या तेथें सात-आठ जनावरें कोंबलीं जातात. घाण, रोग व भांडण हीं तिन्ही येथूनच जन्मतात. यास्तव करडूं जन्मण्यापूर्वींच तें कोणत्या महिन्यांत व कोणाकडे जावयाचें हें ठरलेलें असावें.

बोकड मात्र शहरांत मुळींच ठेवूं नये. वयांत आलेल्या बोकडाच्या अंगास उग्र दर्प येतो, तो धुऊन जात नाहीं, आणि भिंतीपलीकडच्या माणसानें तो सोसावा असें म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं. शेळी माजावर आली म्हणजे ती सारखी ओरडते, शेपटी हलविते व चारा टाकते. हा माज १८ ते २१ दिवसांनीं येतो व साधारण एक-दोन दिवस टिकतो. शहराबाहेरील एखाद्या भरंवशाच्या पाळणाऱ्याशीं आधींच बोलणें करून त्या वेळीं शेळी तिकडे न्यावी. पाटीचें वय दहा महिन्यांच्या आसपास व वजन २२ ते २५ किलो झाल्याशिवाय तिला बोकड दाखवूं नये.

जातीविषयीं थोडक्यांत सांगतों. धाराशिव, लातूर, बीड, सोलापूर या बाजूची काळी उस्मानाबादी शेळी काटक असून जुळ्यांबद्दल प्रसिद्ध आहे. संगमनेरी शेळी दूध व मांस या दोहोंसाठीं पाळतात. सुरती शेळी दुधाळ असून बांधून पोसणें तिला मानवतें. कोंकणच्या पावसांत तिकडचीच कोंकण कन्याळ बरी. परमुलखांतून आणलेल्या उंच व भारी किंमतीच्या जनावरांच्या मोहांत शहरांतील लहान पाळणाऱ्यानें पडूं नये. आपल्या हवेंत वाढलेली शेळीच आजारपणीं तग धरते.

जागा व गोठा

मोठ्या शेळीस छपराखालीं १० ते १२ चौरस फूट जागा लागते, वाढत्या करडास ४ ते ५. आणि मोकळें अंगण छपराच्या दुप्पट असावें. दोन शेळ्या व चार करडें यांस मिळून छपराखालीं सुमारें ४४ व अंगण सुमारें ८८, म्हणजे एकूण १३२ चौरस फूट जागा झाली. अकरा फूट बाय बारा फूट एवढी मोकळी जागा ज्याच्यापाशीं नाहीं, त्यानें शहरांत शेळीचा नाद सोडावा, असें आम्ही निक्षून सांगतों. रस्ता, गटाराची कड व शेजाऱ्याचा जिना या आपल्या जागा नव्हेत.

शेळी थंडीपेक्षां ओलीला अधिक भिते. म्हणून तिला जमिनीवर न बसवितां दीड-दोन फूट उंचीचें लांकडी फळ्यांचें मचाण करावें. दोन फळ्यांमध्यें सुमारें अर्धा इंच फट ठेवावी. फटींतून लेंड्या खालीं पडतात, मूत निथळतें, आणि खूर मात्र अडकत नाहीं. मचाणाखालची जमीन फरशीची व एका अंगास उताराची असावी, म्हणजे झाडणें व धुणें सोपें जातें. छप्पर पत्र्याचें असल्यास उन्हाळ्यांत त्यावर पाचट किंवा कडबा पसरावा. वारा खेळता असावा, पण पावसाची झड आंत येऊं नये. हवा पुरेशी आहे कीं नाहीं, हें जाणण्याची एक साधी कसोटी आहे. पहाटे गोठ्यांत जाऊन शेळीच्या तोंडाच्या उंचीवर खालीं बसावें. आपले डोळे चुरचुरले व नाकांत झोंबलें, तर शेळीच्या फुप्फुसांस रात्रभर तेंच सोसावें लागलें असें समजावें, आणि त्याच दिवशीं जागा कोरडी करून चुना भुरकावा.

गच्चीवर शेळ्या ठेवण्याची कल्पना कांहीं लोकांस सुचते. शेळी उंचावर चढणारी आहे. तिच्यापुढें कमरेएवढा कठडा म्हणजे कांहींच नव्हे. शिवाय मूत छतांत मुरून खालच्या बिऱ्हाडाची भिंत ओली होते. घरमालक व खालचे बिऱ्हाडकरू यांच्या संमतीशिवाय असें करणें अन्यायाचें आहे.

चारा व पाणी

मोठ्या शेळीस दिवसाकांठीं ३ ते ४ किलो हिरवा पाला, पाऊण ते एक किलो वाळला चारा व सुमारें पाव किलो आंबोण लागतें. याचा महिन्याचा हिशेब केला म्हणजे डोळे उघडतात. दोन शेळ्यांस ३० दिवसांत सुमारें २४० किलो हिरवा, ६० किलो वाळला चारा व १५ किलो आंबोण लागेल. हा २४० किलो पाला बारा महिने कोठून येणार, याचें उत्तर ज्याच्यापाशीं आहे त्यानेंच शेळी घ्यावी. उत्तर नसलें म्हणजे शेळी सकाळीं सोडून दिली जाते, ती उकिरड्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या खाते, आणि त्या पिशव्यांचा गोळा पोटांत बसून हळूहळू मरते.

शेवरी, हादगा, सुबाभूळ, तुती व लसूणघास हे पाले उत्तम. मात्र सुबाभळींत मिमोसीन नांवाचें द्रव्य असतें, म्हणून एकंदर हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षां ती अधिक देऊं नये. वाळल्या चाऱ्यांत तुरीचें व हरभऱ्याचें भुसकट शेळी आवडीनें खाते. कडबा कुट्टी करून द्यावा. चारा जमिनीवर न टाकतां गव्हाणींत किंवा उंच टांगून द्यावा. पायदळीं तुडविलेला पाला शेळी सहसा तोंडांत घेत नाहीं. सकाळ-संध्याकाळच्या वेळा ठरलेल्या असाव्या. ज्या शेळीस चाऱ्याची वेळ ठाऊक असते ती अवेळीं ओरडत नाहीं. स्वच्छ पाणी सदैव पुढें असावें, आणि खनिज मिश्रणाची चाटण वीट टांगून ठेवावी.

मंडईतील टाकाऊ भाजी हें शहराचें गायरान आहे, असें कोणी म्हणतात. तें अर्धेंच खरें आहे. फ्लॉवरचा व कोबीचा पाला धुऊन, सुकवून, वाळल्या चाऱ्याबरोबर थोडा दिल्यास चालतो. ओला भरपूर घातल्यास पोट फुगतें. ओल्या लसूणघासाचेंहि तेंच आहे. सडके कांदे व कोंब आलेले हिरवे बटाटे घालूं नयेत.

पुढील तीन धोके शहरांत विशेष आहेत, ते घरांतील सर्वांनीं ध्यानांत ठेवावेत.

पहिला धोका शिळ्या अन्नाचा. लग्नकार्यानंतर उरलेला भात, पोळ्या व गोडधोड पुण्य म्हणून शेळीपुढें आणून ओतणारे लोक पुष्कळ. पिठूळ अन्न एकदम अधिक पोटांत गेल्यानें कोठ्यांत आम्ल माजतें, रवंथ बंद पडतो, शेळी दांत खाऊं लागते, आणि एक-दोन दिवसांत दगावते. दात्यास नम्रपणें नाहीं म्हणावें, व गोठ्याच्या दारावर तशी पाटी लावावी.

दुसरा धोका निर्माल्याचा. हारांत दोरा व चमकी तर असतेच, पण पुष्कळ वेळां कण्हेरीचीं फुलें व पानें असतात. तांबडी असो वा पिवळी, कण्हेर हृदयास घातक असून थोडक्या पानांनींहि शेळी मरूं शकते. गणेशोत्सवांत व नवरात्रांत या बाबतींत डोळ्यांत तेल घालून जपावें.

तिसरा धोका अनोळखी पाल्याचा. बागेंतील छाटणी कोणी फुकट देतो म्हणून आणूं नये. कुंपणाची घाणेरी व एरंडाच्या बिया विषारी आहेत. गावाकडून ज्वारीचा कोंवळा पोंगा आल्यास त्यानें किराळ लागते, हें आमच्या शेतकरी वाचकांस सांगणें नलगे; पण शहरांतील त्यांच्या नातवांस तें सांगितलेंच पाहिजे.

लेंड्या व मूत

शहरांत शेळीपालन टिकेल कीं नाहीं, हें दुधावर नव्हे तर लेंड्यांवर ठरतें. उन्हाळ्या-पावसाळ्यांत माशीच्या अंड्यापासून पुरी माशी होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून लेंड्या रोज झाडून झांकणाच्या पिंपांत भराव्या व आठवड्यांतून दोनदां पिंप रिकामें करावें. म्हणजे माशीची पिढीच पुरी होत नाहीं. पिंपांत मधून मधून वाळला पाला किंवा लांकडाचा भुसा टाकल्यास वास येत नाहीं. गोठा धुतलेलें पाणी उघड्या गटारांत न सोडतां आपल्याच एखाद्या झाडाच्या आळ्यांत किंवा शोषखड्ड्यांत जिरवावें. पिण्याच्या पाण्याचा हौद व विहीर यांपासून हा खड्डा लांब असावा. लेंडीखत कुजून तयार झालें म्हणजे त्यासारखें कुंड्यांचें खत नाहीं. वर्षांतून एकदां शेजाऱ्यांस त्याची एकेक पिशवी भेट द्यावी. तक्रारअर्जाचा कागद पुष्कळदां त्यामुळें कोराच राहतो.

रोग व लसी

दाट वस्तींत रोग झपाट्यानें पसरतो. पी. पी. आर. नांवाचा शेळ्यांचा भयंकर रोग आपल्या देशांत प्रथम १९८७ मध्यें तामिळनाडूंत नोंदला गेला, व नंतर सर्वत्र पसरला. जोराचा ताप, नाकाडोळ्यांतून घाण स्राव, तोंडांत व्रण, दुर्गंधी, हगवण व धाप हीं त्याचीं लक्षणें. यावरील लस आपल्या देशांतच तयार होते व एकदां टोंचल्यावर सुमारें तीन वर्षें संरक्षण देते. करडूं तीन-चार महिन्यांचें होतांच ती टोंचून घ्यावी. आंत्रविषार व घटसर्प यांच्या लसी पावसाळ्यापूर्वीं, लाळ्या-खुरकुताची सहा महिन्यांनीं, व देवीची पशुवैद्यांच्या सल्ल्यानें द्यावी. आंत्रविषाराची लस पहिल्या खेपेस दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानें दोनदां द्यावी लागते, ही गोष्ट पुष्कळ लोक विसरतात.

बाजारांतून आणलेलें जनावर तीन-चार आठवडे निराळें बांधावें. बकरी ईदेपूर्वींच्या बाजारांत दूरदूरचीं जनावरें एकत्र येतात. त्या दिवसांत हा नियम दुप्पट कसोशीनें पाळावा. जंतांचें औषध लेंड्या तपासून, पशुवैद्य सांगतील तेव्हांच द्यावें. तेंच तें औषध वारंवार दिल्यानें जंत त्याला दाद देईनासे होतात. दगडधोंड्यांवर न चालणाऱ्या शेळीचे खूर वाढून वांकडे होतात, ते दीड-दोन महिन्यांनीं कातरावेत. भटक्या कुत्र्याचा चावा झाल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुऊन तत्काळ दवाखाना गांठावा. पिसाळ शेळीसहि होतो, आणि तिच्या लाळेपासून माणसासहि भय असतें.

दूध

शेळीचें दूध कच्चें प्यावें, तें धारोष्णच गुणकारी, असा समज आपल्याकडे दृढ आहे. तो किती घातक ठरूं शकतो हें भूमध्य समुद्रांतील माल्टा बेटाच्या इतिहासावरून कळतें. तेथील ब्रिटिश फौजेंत एक चिवट ताप अनेक वर्षें ठाण मांडून होता. १८८७ मध्यें डेव्हिड ब्रूस यांनीं त्याचा जंतु शोधला. पण तो माणसाच्या अंगांत येतो कोठून, हें कोडें तसेंच राहिलें. त्या बेटाच्या व्हॅलेटा शहरांत शेळ्यांचे कळप रस्त्यांतून फिरवून दारोदार दूध काढून देण्याची रीत होती. १९०५ मध्यें तेथील वैद्य थेमिस्टोक्लीस झमित यांस त्या शेळ्यांतच हा जंतु सांपडला. शेळ्या तर दिसावयास अगदीं धडधाकट होत्या. १९०६ मध्यें फौजेस शेळीचें दूध देणें बंद होतांच तापाचे रोगी झपाट्यानें घटले. ब्रुसेला नांवाचा हा जंतु आपल्याकडील शेळ्यांतहि आढळतो. दूध उकळल्यानें तो मरतो. तेव्हां दूध उकळल्यावांचून स्वतः पिऊं नये, मुलांस देऊं नये व विकूंहि नये.

हाच जंतु शेळीचा गर्भपात घडवितो. गाभण शेळीनें शेवटच्या दोन महिन्यांत गर्भ टाकल्यास तो गर्भ, वार व पाणी यांस उघड्या हातानें शिवूं नये. गरोदर स्त्रीनें तर त्या जागीं जाऊंच नये. तें सर्व चुना टाकून खोल पुरावें, आणि शेळीचें रक्त तपासून घ्यावें.

निरोगी वेतांत करडूं जन्मल्यावर नाळ स्वच्छ पात्यानें कापून तीस टिंक्चर आयोडीन लावावें, व पहिल्या तासाभरांत करडास चीक पाजावा. चीक चुकलेल्या करडास पुढें कितीहि औषधें दिलीं तरी ती उणीव भरून निघत नाहीं.

कायदा व शेजार

महसूल खात्यांतील नोकरींत आमचें आयुष्य अर्ज, दाखले व पंचनामे यांत गेलें. म्हणून हें प्रकरण आम्ही थोडें विस्तारानें लिहीत आहों. आपल्या नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या कार्यालयांत जाऊन शेळ्या पाळण्यासंबंधीं तेथील नियम काय आहेत तें विचारावें, परवानगी लागत असल्यास ती लेखी घ्यावी, व अर्जाच्या प्रतीवर पोंच घ्यावी. तोंडी होकारावर विसंबूं नये. होकार देणाऱ्याची बदली होते, कागदाची होत नाहीं. शेळी मोकाट सोडणें हा सर्वत्रच अपराध मानला आहे. १८७१ सालच्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यांतील गुरांच्या व्याख्येंतसुद्धां शेळ्या व करडें यांचीं नांवें स्पष्ट लिहिलेलीं आहेत.

रस्त्याकडेच्या झाडाच्या फांद्या पाल्यासाठीं तोडणें हें १९७५ च्या महाराष्ट्रांतील नागरी क्षेत्रांच्या वृक्षसंरक्षण कायद्याविरुद्ध आहे. तसेंच फार आंखूड दाव्यानें जनावर उगाच दीर्घकाळ बांधून ठेवणें, त्यास पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें, ही १९६० च्या कायद्यान्वयें क्रूरता ठरते. म्हणजे शेळी सोडावयाची नाहीं आणि जखडावयाचीहि नाहीं. कुंपणाचें अंगण असल्याशिवाय गत्यंतर नाहीं, हेंच यांतून निघतें.

कायद्याहून मोठा शेजारधर्म. शेळी आणण्याच्या आधीं शेजारच्या चार घरीं जाऊन सांगावें, गोठा कोठें व कसा करणार तें दाखवावें, आणि त्यांची हरकत ऐकून घ्यावी. ज्यास आधीं विचारलें तो मागाहून अर्ज करण्यापूर्वीं एकदां घरीं येऊन बोलतो.

नोंदवही

एक साधी वही करावी. तींत शेळीची खूण किंवा कानांतील बिल्ल्याचा क्रमांक, बोकड दाखविल्याची तारीख, त्यापुढें १५० दिवसांनीं येणारी विण्याची तारीख, लसी, जंतांचें औषध, रोजचें दूध, चाऱ्याचा खर्च, विकलेलीं करडें, व पिंप रिकामें केल्याचे वार, इतके रकाने पुरेत. वहीचे दोन लाभ आहेत. शेळी खरोखर परवडते कीं केवळ भासते, हें वर्षाअखेर समजतें. आणि कोणी तपासणीस आलें तर तोंडाच्या शब्दाऐवजीं पुरावा पुढें ठेवितां येतो.

शेवटीं आमच्या शेतकरी बंधूंस एक सूचना. शहरांतील पाळणाऱ्यास पाला हवा आहे, आणि लेंडीखत व वाढलेलीं करडें यांस तो जागा शोधीत आहे. शहरालगतच्या शेतकऱ्यापाशीं बांधावर शेवरी व हादगा लावण्यास जागा आहे, आणि त्यास खत व करडें हवीं आहेत. गावच्या सोसायटीनें आठवड्याच्या ठराविक वारीं पाल्याच्या मोळ्या शहरांत पोंचवाव्या व परत येतांना त्याच गाडींत खताचीं पोतीं आणावीं, तर रिकामी खेप कोणाचीच होणार नाहीं. बांधावर दहा-वीस शेवऱ्या याच पावसाळ्यांत लावून पाहण्यास कोणास फारशी तोशीस पडणार नाहीं.